व्याह्यांची हिरवळ

खताचं पोतं वीसेक किलोचं असेल. मी त्याच्यावर बसले होते आणि माझे होणारे व्याही कमरेवर हात ठेवून समोर उभे होते.

"शॅलन," ते म्हणाले, "प्लीज."

"नो," मी म्हणाले.

त्यांनी खत पेरायचा दोन चाकांचा गाडा जरा पुढं ढकलला. मी साडीचा पदर खोचला आणि पोत्यावर आणखी नीट बसले. अमेरिकेत ओहायो नावाचं राज्य आहे, तिथल्या एका लहानशा गावातलं ते गॅरेज. बाहेर जुलैचं ऊन, हवा इतकी दमट की अंगाला चिकटत होती, आणि माझ्या मुलाच्या लग्नाला बरोबर तीन आठवडे उरले होते. लग्न गॅरेजसमोरच्या हिरवळीवर होणार होतं. त्या हिरवळीवर परातीएवढे तपकिरी गोल पडायला लागले होते.

आवाज ऐकून विहीणबाई, म्हणजे ज्युडी, हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि भिंतीला टेकून पोट धरून हसल्या. मग फोन काढून त्यांनी माझ्या मुलाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"आई, काय झालं?" धैर्यशील म्हणाला.

"काही नाही. मी बसलेय."

"कुठं?"

"खताच्या पोत्यावर."

"आई, ऊठ बरं. त्यांचं लॉन आहे ते. ते तीस वर्षं सांभाळतायत."

"तुझ्या सासऱ्याला सांग, गवत तहानलेलं नाही, भुकेलेलंही नाही. आजारी आहे. आजारी माणसाला कुणी बासुंदी पाजतं का? हे खत घातलं तर आठ दिवसांत सगळी हिरवळ जाईल."

"तुला कसं कळलं?"

"मी बघितलंय. उद्या पहाटे साडेपाचला माझ्याबरोबर बाहेर या म्हणावं. मी दाखवते ते बघून मग खत टाकायचं असेल, तर गाडा मी ढकलते."

फोन व्याह्यांच्या, म्हणजे रसेलभाऊंच्या हातात गेला. ते ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी त्यांनी गाडा भिंतीकडेला लावला आणि मला उठायला हात दिला. तरी ते आत गेल्याशिवाय मी काही उठले नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पण मी तिथं कशी जाऊन पडले, ते आधी सांगायला पाहिजे.

आमचं गाव तासगावपासून आठ किलोमीटरवर. घरची साडेतीन एकर द्राक्षबाग. धैर्यशील शिकायला म्हणून अमेरिकेत गेला, तिथंच नोकरीला लागला आणि एक दिवस फोनवर म्हणाला, मुलगी बघितलीय, हॉली नाव आहे. आमचे हे, म्हणजे हिंदुराव, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "होळी? हे काय नाव झालं?" तिथंच मला कळलं की आता काळजी नाही.

ठरलं असं, की मी आधी जायचं आणि ह्यांनी लग्नाच्या तोंडावर यायचं, कारण पावसाळ्यात बाग सोडून महिनाभर जाणं शक्य नव्हतं. धैर्यशीलची खोली शहरात, तीही एवढीशी. तो दिवसभर कामावर. पहिल्याच रविवारी ज्युडीबाईंनी मला बघितलं, म्हणाल्या, ही चार भिंतींत एकटी काय करणार, आमच्याकडं राहू दे. त्या माझी बॅग उचलून गाडीत टाकूनच आल्या. अशी मी, वरमाय, नवरीच्या घरी मुक्कामाला गेले. फोनवर हे ओरडले, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "इथं लोक कुठायत? इथं नुसतं गवत आहे."

आणि खरंच गवत होतं. अर्धा एकर तरी असेल. रसेलभाऊ शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, उंचेपुरे, कमी बोलणारे. सकाळी दहाला उठून बाहेर यायचे, संध्याकाळी ऊन उतरलं की फवारे सुरू करायचे आणि हातात पेला घेऊन पायरीवर बसायचे. आपल्याकडं माणसं बैलाकडं बघतात तसे ते हिरवळीकडं बघायचे.

मला तिकडं गेल्यावर झोपच नीट लागेना. पहाटे साडेचारला डोळे टक्क उघडे. तशीही तीस वर्षं मी त्याच वेळेला उठत आले. उजेड फुटला की बागेत जायचं, दव वाळायच्या आत पानं उलटून बघायची, रोग पहिल्यांदा दिसतो तो तिथंच. तिथं बाग नव्हती, म्हणून मी हिरवळीवर जायला लागले. त्या शनिवारी पहाटे मी एका तपकिरी गोलाशी वाकले आणि मला ते दिसलं.

रविवारी बरोबर साडेपाचला मी त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. रसेलभाऊ रात्रीच्या कपड्यांवर, केस उभे, एका पायात चप्पल घालून बाहेर आले. मागोमाग ज्युडीबाई गाऊन सावरत.

दव इतकं पडलं होतं की साडीचा घोळ भिजला. मी गोलाच्या कडेला उकिडवी बसले आणि रसेलभाऊंना खाली बसायची खूण केली. गुडघे धरत धरत ते बसले. गोलाच्या कडेनं धुरकट रंगाची एक पट्टी होती, आणि तिथल्या पात्यांवर, दवाच्या थेंबांमधून, कापूस पिंजून टाकावा तसे बारीक पांढरे धागे पसरले होते. कोळ्याचं जाळं वाटावं असं. मी बोट फिरवलं, धागे बोटाला आले. मी ते बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

मला हॅलो, थँक्यू नीट जमत नव्हतं. माझं इंग्रजी सगळं औषधांच्या बाटल्यांवरचं. पण इथं तेच लागत होतं.

"फंगस," मी म्हणाले.

रसेलभाऊंनी हळूच शीळ घातली. मग मी एक पातं तोडून त्यांना दाखवलं. मधे वाळल्या गवताच्या रंगाचा डाग, भोवती गडद तपकिरी काठ. दुसरं तोडलं, तिसरं तोडलं. सगळ्यांवर तेच. ते पोटावर आडवे झाले आणि डोळे पात्यांजवळ नेऊन बघत राहिले. आठ वाजता ऊन आलं. दव गेलं, आणि धागे असे नाहीसे झाले की कधी नव्हतेच. दहाला उठणाऱ्या माणसाला ते कधी दिसणारच नव्हते. त्याला फक्त वाळलेलं गवत दिसायचं, आणि वाळलेलं दिसलं की तो पाणी सोडायचा, तेही संध्याकाळी. गवत रात्रभर ओलं. बुरशीला आणखी काय पाहिजे?

दुपारी धैर्यशील आणि हॉली आले. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आम्ही जेवायला बसलो. हॉली मोठी गोड पोरगी, मधाच्या रंगाचे केस, मला "आई" म्हणताना "ई" जरा लांब ओढायची.

"यांना विचार," मी धैर्यशीलला म्हटलं, "ह्या गवताला खत कधी घालतात?"

रसेलभाऊंनी सांगितलं, धैर्यशीलनं मराठीत केलं. हे थंडीचं गवत. आपल्या हरळीसारखं उन्हाळ्यात फोफावत नाही, उलट उन्हाळ्यात ते दमतं. त्याला मुख्य खत सप्टेंबरात, गारवा सुरू झाला की घालायचं. ते तीस वर्षं तसंच घालत आले होते.

"मग यंदा?"

रसेलभाऊ टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडं बघायला लागले. मग त्यांनी हळूच तीन बोटं वर केली.

"रसेल!" ज्युडीबाई ओरडल्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मे, जून, जुलै. नवऱ्याकडचे लोक इतक्या लांबून, शेतकऱ्याच्या घरातून येणार, त्यांच्यासमोर आपली हिरवळ कमी दिसू नये, म्हणून त्या बिचाऱ्यानं तीन वेळा नत्राचं खत ओतलं होतं आणि चौथ्या वेळेला मी पोत्यावर बसले होते. नत्र जास्त झालं की पातं लुसलुशीत होतं, हिरवंगार दिसतं आणि रोगाला सगळ्यात आधी बळी पडतं. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्या माणसाची इतकी माया आली की मी उठून त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

त्याच दिवशी आम्ही बागेच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे आमच्या बाजार समितीएवढं. तिथल्या माणसानं रसेलभाऊंच्या हातात एक चकचकीत डबा दिला. मी तो उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि परत ठेवला. त्यात पुन्हा खतच मिसळलेलं होतं. मग मी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक बाटली उलटी करत गेले. शेवटून दुसऱ्या खणात माहेरचं माणूस भेटावं तसं आमच्या बागेतल्या बुरशीच्या औषधाचं नाव दिसलं.

"ॲझॉक्सिस्ट्रॉबिन," मी मोठ्यानं वाचलं.

दुकानातला माणूस माझ्याकडं बघतच राहिला. तो शब्द त्याला एका दमात म्हणता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आमचा कार्यक्रम सुरू झाला. औषध मी मोजून दिलं, पंप रसेलभाऊंनी पाठीवर घेतला, आणि वाऱ्याकडं पाठ करून कसं चालायचं ते मी त्यांना चालून दाखवलं. संध्याकाळचं पाणी बंद. द्यायचं ते सूर्य उगवायच्या सुमाराला, तेही आठवड्यातून दोनदाच, पण खोलवर मुरेल असं. गवत कापायच्या यंत्राचं पातं त्यांनी धार लावून आणलं आणि मी ते दोन बोटं वर चढवायला लावलं. बोथट पात्यानं गवत फाटतं आणि फाटल्या जागेतून रोग आत शिरतो.

आणि रोज पहाटे दव पाडायचं. त्यासाठी मी झाडांना पाणी घालायचा लांब रबरी नळ वापरला. एक टोक माझ्या हातात, दुसरं रसेलभाऊंच्या, आणि मधला नळ गवतावरून ओढत आम्ही या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चालायचो. थेंब झडायचे, पाती तासाभरात कोरडी व्हायची. मी मराठीत बोलायचे, ते इंग्रजीत. मी त्यांना आमची बाग सांगायचे, विहीर सांगायचे, धैर्यशील लहानपणी कुठल्या झाडावरून पडला ते सांगायचे. ते काय सांगायचे देव जाणे, पण हॉलीचं नाव आलं की नळ थांबायचा. त्यांना एकच मुलगी. मला एकच मुलगा. ती दोघं लग्नानंतर कुठं राहणार, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला असणार, पण त्यासाठी लागणारे शब्द आमच्यापैकी कुणाकडंच नव्हते. मग आम्ही पुन्हा नळ ओढायला लागायचो.

परत आल्यावर ते पायरीवर बसून एका वहीत काहीतरी लिहायचे. मला वाटायचं, पावसाची नोंद ठेवत असतील.

सातव्या दिवशी गोल आणखी वाढले. एक नवाच उमटला, आणि तोही जिथं मांडव घालायचा तिथंच. रविवार होता, सगळे जमले होते. हॉली म्हणाली, पाऊस आला असं समजून हॉल घेऊ या का? रसेलभाऊ खिडकीतून बाहेर बघत उभे होते. लग्न पोरांचं, हिरवळ त्यांची, आणि शहाणपण माझं. उद्या सगळं वाळून गेलं तर जन्मभर हे घर म्हणणार, नवऱ्याची आई आली आणि पोत्यावर बसली.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. धैर्यशीलनं तो टेबलावर, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली.

"कशाला एवढा खेळ मांडलाय?" हे तिकडून म्हणाले. "युरिया मारा म्हणावं दोन पोती. वर भरपूर पाणी सोडा. चार दिवसांत हिरवंगार होतंय बघ. तुझ्या आईला काय कळतंय त्यातलं? तिला म्हणावं, पोळ्या लाट."

रसेलभाऊंनी धैर्यशीलला विचारलं, तुझे वडील काय म्हणाले? त्यानं शेवटचं वाक्य गाळून बाकीचं सांगितलं. एकतर अनुभवी शेतकरी, त्यात मुलाचा बाप. मला वाटलं, आता गाडा बाहेर निघतो.

रसेलभाऊ खिडकीपासून वळले. धैर्यशीलकडं न बघता माझ्याकडं बघून त्यांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

धैर्यशील म्हणाला, "ते विचारतायत, शालन काय म्हणते?"

शेतातलं असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

का ते सांगते. आमच्या बागेत पान उलटून बघते ती मी. पण औषध कुठलं मारायचं ते ठरतं अंगणातल्या खाटेवर. खाटेवर हे असतात, औषध दुकानदार असतो, शेजारचा बागाईतदार असतो. मी चहा घेऊन जाते आणि कप गोळा करून येते. धैर्यशीलच्या लग्नाच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. पहाटे मला खालच्या तुकड्यात पानांवर तेलकट डाग दिसले, मागं पांढरी पावडर. मी तशीच पळत आले, सांगितलं, आजच्या आज फवारा घ्या. हे म्हणाले, "दुकानदार म्हणतोय, अजून चार दिवस थांबा. तुला काय कळतंय?" चार दिवसांनी खालच्या तुकड्यात एकही घड धड राहिला नव्हता. त्यावर हे कधी बोलले नाहीत, मीही नाही. मी फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठून वरचा तुकडा बघायला गेले.

आणि इथं, सात समुद्रांपलीकडं, एका परक्या माणसानं त्याच्या जिवापाड जपलेल्या जमिनीबद्दल मला विचारलं होतं. आणि तो उत्तरासाठी थांबला होता.

"सगळे बाहेर चला," मी म्हणाले.

मी सगळ्यांना मांडवाच्या जागेवरच्या त्या नव्या गोलाशी नेलं. गुडघ्यांवर बसून वाळलेली पाती दोन्ही हातांनी बाजूला सारली. खाली, मुळाशी, करंगळीच्या नखाएवढे पोपटी कोंब होते. मी एक कोंब उपटून रसेलभाऊंच्या तळहातावर ठेवला.

"यांना सांग, ह्याच्यावर डाग शोधा म्हणावं."

त्यांनी चष्मा लावला. कोंब उलटा केला, सुलटा केला. मग आणखी एक उपटला. मग हॉलीनंही वाकून एक उपटला.

"जुनं पान गेलंय ते गेलंय," मी म्हणाले. "आता दिसतंय ते आधी लागलेलं आहे. नवीन पान स्वच्छ येतंय, म्हणजे रोग थांबलाय. आता खतही नको, जादा पाणीही नको. थांबायचं. शेवटच्या आठवड्यात मी ह्याला रंग आणून देते."

फोन धैर्यशीलच्या हातात चालूच होता. "अरे, काय म्हणतीय ती?" आतून हे ओरडत होते.

रसेलभाऊंनी एवढंच म्हटलं, "ओके, शॅलन." आणि वही आणायला ते घरात गेले.

रंग आणायचा होता हिराकशीनं. आम्ही बागेत पानं पिवळी पडली की मारतो. त्यात नत्र नाही, नुसतं लोह. पातं न वाढता गडद होतं. "हिराकस" कुणाला कळेना, "फेरस सल्फेट" म्हटल्यावर हॉली पळत जाऊन घेऊन आली. मी आधी मागच्या शेडजवळ खाटेएवढ्या जागेवर मारून बघितलं. दुसऱ्या दिवशी ती जागा बाकीच्या हिरवळीपेक्षा इतकी गडद झाली की ज्युडीबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवली.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी सगळ्या हिरवळीवर फवारलं. एकच गोष्ट मी सांगायची विसरले. हिराकशीचा डाग जात नाही. रसेलभाऊ पांढरे कापडी बूट घालून आले होते, ते दुपारपर्यंत भगवे झाले. त्याच बुटांनी ते सिमेंटच्या वाटेवरून घरात गेले. वाटेवर भगवी पावलं उमटली, दारापर्यंत, लक्ष्मी घरात शिरावी तशी. ज्युडीबाईंनी ती बघितली, तोंडावर हात ठेवला आणि मग पोत्याच्या दिवशी हसल्या होत्या त्याच्या दुप्पट हसल्या. ती पावलं पुसायची नाहीत, असं त्यांनीच ठरवलं.

सोमवारी हे आले. विमानाचा शीण, डोक्यावर टोपी, दोन्ही हात जोडलेले. रसेलभाऊंनी त्यांना कवटाळलंच. हे आधी अवघडले, मग त्यांच्या पाठीवर थोपटायला लागले. मग त्यांची नजर हिरवळीवर गेली. गर्द हिरवी, एकसारखी कापलेली, फक्त मांडवाच्या जागी दोन गोल अजून फिके होते, ते काही पुरते भरून आले नव्हते.

"चांगलं ठेवलंय की," हे म्हणाले.

"आईनं ठेवलंय," धैर्यशील म्हणाला.

"हं," हे म्हणाले आणि बॅग उचलायला वळले.

गुरुवारी पहाटे मी आणि रसेलभाऊ नळ ओढत होतो, तर हे दारात उभे. त्यांनाही झोप येत नव्हती.

"हे काय चाललंय?"

"दव पाडतोय."

"पाईपानं?"

"मग काय फुंकर घालून?"

रसेलभाऊ थांबले. त्यांनी आपल्या हातातलं टोक ह्यांच्या हातात दिलं आणि स्वतः पायरीवर जाऊन बसले. हे ते टोक धरून जरा वेळ तसेच उभे राहिले. मग चपला काढल्या, पायजमा वर केला आणि चालायला लागले. सुरुवातीला ते माझ्या पुढं जायचे, नळ तिरका व्हायचा, मधलं दव तसंच राहायचं. मी आपली माझ्या चालीनं चालत राहिले. दुसऱ्या फेरीला त्यांनी पाऊल आखूड केलं आणि आम्ही बरोबरीनं चाललो.

फेरी संपली तेव्हा धैर्यशील पायरीवर रसेलभाऊंशेजारी येऊन बसला होता. त्याच्या मांडीवर ती वही होती.

"आबा, ऐका," तो ह्यांना म्हणाला आणि वाचायला लागला, इंग्रजीतलं मराठीत करत. "एकतीस जुलै. शालन म्हणाली, संध्याकाळी पाणी नाही. एक ऑगस्ट. शालन म्हणाली, फवारताना वाऱ्याकडं पाठ. तीन ऑगस्ट. शालन म्हणाली, पातं दोन बोटं वर. सहा ऑगस्ट. मी घाबरलो. शालन म्हणाली, नवीन पान बघ. बघितलं. शालनचं बरोबर आहे."

पानंच्या पानं तशी होती. प्रत्येक ओळीत माझं नाव. हे उभे राहून ऐकत होते, हातात नळाचं टोक तसंच. मला कुठं बघावं ते कळेना, म्हणून मी गवताकडं बघितलं.

ह्यांनी नळाचं टोक खाली ठेवलं. घरात जाऊन त्यांनी चहा मागितला. पण कप मात्र त्यांनी स्वतः नेऊन धुवायला ठेवला, हे मी बघितलं.

शनिवारी लग्न लागलं. ते दोन फिके गोल झाकायला ज्युडीबाई फुलांच्या कुंड्या आणणार होत्या. मी नको म्हटलं. नवरा-नवरीचे दोन पाट तिथंच मांडले, एकेका गोलावर एकेक. पाट बरोब्बर बसले. शहरातल्या देवळातून आलेल्या भटजींनी मंगलाष्टकं म्हटली. हिरवा शालू नेसलेली हॉली अंतरपाटाच्या वरून डोकावून बघायची आणि धैर्यशील हसू दाबायचा. अक्षता पडल्या, हिरवळीवर तांदूळच तांदूळ झाले. रसेलभाऊंनी काळजीनं माझ्याकडं बघितलं.

"नो प्रॉब्लेम," मी म्हणाले, आणि ते मोठ्यानं हसले. मग त्यांनी डोळे पुसले, ज्युडीबाईंनी पुसले, आणि मीही कशाला लपवू? ह्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "होळीबाई, सुखी राहा."

जेवणं झाली. मंडळी झाडाखाली खुर्च्या टाकून बसली होती, कुणीतरी गाणं लावलं होतं, ज्युडीबाई माझी काठापदराची साडी नेसून नाचत होत्या. मी हिरवळीच्या कडेला उभी होते. हे फेटा काखेत घेऊन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. वाकून त्यांनी गवताचं एक पातं तोडलं, उलटं केलं, उजेडात धरून बघितलं. मग इकडं तिकडं बघत, जसं काही सहज, म्हणाले,

"यंदाची बागेची छाटणी सप्टेंबरच्या शेवटी घ्यावी का ऑक्टोबर उजाडू द्यावा?"

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं, धैर्यशील आला असेल, नाहीतर फोन चालू असेल. मागं कुणी नव्हतं.

"मला विचारताय?"

"मग काय गवताला विचारतोय?"

"ऑक्टोबर उजाडू द्या," मी म्हणाले. "पाऊस लांबणार आहे. आणि खालच्या तुकड्याला पहिला फवारा मी सांगीन त्या दिवशी घ्यायचा. दुकानदार सांगेल त्या दिवशी नाही."

ह्यांनी ते पातं बोटांत फिरवलं. तिकडं रसेलभाऊ आपले भगवे बूट घालून नाचायला उतरले होते आणि पोरं टाळ्या पिटत होती.

"बरं," हे म्हणाले.